प्रकल्प नोंदी: मातीतलं नायट्रिफिकेशन नेमकं कुणाचं?

१४ जानेवारी

मायनरचा अर्ज मंजूर झाला. मुख्य विषय संख्याशास्त्र, तो आहे तसाच. मायनर मायक्रोबियल इकॉलॉजी. म्हणजे त्या विभागाचे काही कोर्स, माझ्या समितीवर त्यांच्या एक मॅडम आणि एक छोटा प्रकल्प. तो लॅबमध्ये स्वतःच्या हाताने करायचा, ही अट मॅडमनी घातली. मी आयत्या डेटावर मॉडेल बसवायच्या तयारीत होते. मॅडम म्हणाल्या, "टेबल तयार मिळालं की त्यातल्या शून्यावरही माणूस विश्वास ठेवतो. ते शून्य येतं कुठून ते एकदा बघ, मग बसव तुझं मॉडेल."

ही रोजनिशी नाही. काही झालं किंवा काही खटकलं तरच नोंद.

१९ जानेवारी

विषय ठरला. दीर्घकाळ चाललेल्या एका प्रयोगातले प्लॉट आहेत: काहींना दरवर्षी अमोनियमयुक्त खत, काहींना काहीच नाही. प्रश्न असा की या दोन प्रकारच्या मातीत अमोनियाचं ऑक्सिडीकरण कोण करतं, बॅक्टेरिया की आर्किया (दिसायला बॅक्टेरियांसारखे, पण सजीवांची वेगळीच शाखा)?

पार्श्वभूमी माझ्यासाठीच लिहून ठेवते. नायट्रिफिकेशन दोन टप्प्यांचं: अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियम धनभारित, म्हणून मातीच्या ऋणभारित कणांना चिकटून राहतो. नायट्रेट ऋणभारित, पाण्याबरोबर सरळ खाली निघून जातो. वाटेत नायट्रस ऑक्साइड निसटतो तो वेगळाच. तेव्हा हा पहिला टप्पा कोण चालवतं आणि किती वेगाने, याला महत्त्व आहे.

शंभरहून अधिक वर्षं या कामाचं श्रेय बॅक्टेरियांकडे होतं. २००५ मध्ये एका मत्स्यालयाच्या टाकीतल्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस वेगळा केला गेला. तो आर्किया, आणि अमोनियावर जगणारा. पुढच्याच वर्षी मातीतल्या अमोए जनुकांची मोजदाद प्रसिद्ध झाली. आर्कियांच्या प्रती बॅक्टेरियांच्या कितीतरी पट, काही ठिकाणी हजारो पट. (अमोए म्हणजे अमोनिया मोनोऑक्सिजनेज या विकराच्या एका भागाचं जनुक.) २०१५ मध्ये आणखी एक धक्का: दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा, त्यांना कोमामॉक्स म्हणतात. तोवर नायट्रोस्पायरा फक्त दुसरा टप्पा करतात असंच सगळे धरून चालले होते.

जनुकं जास्त म्हणजे काम जास्त, ही उडी मला पहिल्या दिवसापासून पटलेली नाही. मॅडमनाही पटलेली नाही. म्हणूनच बहुधा हा विषय मला मिळाला.

२ फेब्रुवारी

वाचन. सगळ्यात जास्त आवडलं ते सगळ्यात जुनं: श्लोझिंग आणि म्युंट्झ, १८७७.

काचेची लांब नळी, तिच्यात वाळू आणि चुनखडी. वरून सांडपाणी हळूहळू सोडायचं, खालून येणारं पाणी तपासायचं. पहिले सुमारे २० दिवस नायट्रेटचा पत्ता नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर. मग नायट्रेट दिसू लागलं. नुसती रासायनिक क्रिया असती तर २० दिवस कशाची वाट बघत होती? पुढची पायरी खरी नामी. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बंद झालं. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झालं नाही. थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी वरून ओतलं, तेव्हा काही दिवसांनी परत सुरू.

जंतू त्यांनी पाहिला नव्हता, वेगळा केला नव्हता, त्याला नाव तर नव्हतंच. तरीही काम सजीवाचं आहे हे त्यांनी दाखवलं, कारण त्यांनी काम थांबवून आणि परत सुरू करून पाहिलं. विनोग्राडस्कीने नायट्रिफाय करणारे जंतू वेगळे केले ते १८९० च्या सुमारास. जिलेटिनवर ते वाढेनात, कारण सेंद्रिय अन्नावर दुसरेच माजायचे. मग त्याने सेंद्रिय काहीही नसलेलं सिलिका जेल वापरलं.

आमच्या क्षेत्राच्या भाषेत श्लोझिंग-म्युंट्झनी हस्तक्षेप केला. अमोए मोजणं म्हणजे निरीक्षण. कार्यकारणाच्या कोर्समध्ये हा फरक शिकायला आम्हाला अख्खं सत्र लागलं होतं.

९ फेब्रुवारी

सॅम्पलिंगचा आराखडा. इथे माझी आणि लॅबमधल्या पोस्टडॉक दादाची थोडी जुंपली.

दादाचं म्हणणं: खताच्या एका प्लॉटमधून भरपूर गाभे (नळी खुपसून काढलेले मातीचे लांबट तुकडे) काढू, बिनखताच्या एका प्लॉटमधून तितकेच, नमुना आकार मोठा होईल, पी-मूल्यही (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासायचा आकडा) छान येईल. मी म्हटलं, येईल ना, पण ते कशाचं? खत प्लॉटला दिलंय, गाभ्याला नाही. एका प्लॉटमधून कितीही गाभे काढले तरी खताच्या बाजूने पुरावा एकाच प्लॉटचा. दोन प्लॉटांत उतार, ओल, पूर्वीचं पीक यातलं काहीही वेगळं असू शकतं, आणि गाभे वाढवून ते काही कळत नाही. स्टुअर्ट हर्लबर्टने १९८४ मध्ये याला छद्म-पुनरावृत्ती असं नाव देऊन इकॉलॉजीवाल्यांचे कान उपटले होते. चाळीस वर्षं झाली तरी हा प्रकार सुरूच आहे. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात तर जास्तच, कारण सीक्वेन्सिंगचा (डीएनए वाचून घेण्याचा) खर्च बघून पहिली कात्री खऱ्या पुनरावृत्तींना लागते.

दादाचा मुद्दाही खोटा नव्हता. एका प्लॉटच्या आतला फरक प्रचंड असतो. हाताच्या अंतरावर घेतलेल्या दोन गाभ्यांत अमोनियमचं प्रमाण कितीतरी वेगळं येऊ शकतं.

तडजोड: जितके प्लॉट उपलब्ध आहेत तितके सगळे घ्यायचे, दोन्ही प्रकारचे, ब्लॉकनुसार (शेजारच्या प्लॉटांच्या गटांनुसार). प्रत्येक प्लॉटमध्ये विखुरलेले गाभे काढून एकत्र मिसळायचे आणि त्याचा एकच नमुना. आतला फरक सरासरीत जातो, विश्लेषणाचं एकक प्लॉट राहतं. आतला फरक मोजायचा असेल तर तो वेगळा प्रश्न, वेगळा प्रकल्प.

१७ फेब्रुवारी

माती आणली. वरचा १० सेंटिमीटरचा थर. बर्फावर ठेवून लॅबमध्ये, मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून.

चाळताना मनात आलं ते लिहून ठेवते. मातीतली बॅक्टेरियाची पेशी साधारण १ मायक्रोमीटरची. चाळणीच्या एका भोकात, एका रेषेत, अशा २००० पेशी मावतील. ढेकळाच्या बाहेरच्या भागात ऑक्सिजन आणि आत गाभ्यात नाही, असा मामला काही मिलिमीटरांत असतो. म्हणजे ज्या वस्त्यांबद्दल मला बोलायचंय त्या मी चाळणीवर हाताने मोडतेय आणि मग ग्रॅमच्या हिशेबाने "समुदाय" म्हणून मोजणार आहे. एका ग्रॅम मातीत ढोबळमानाने अब्जभर पेशी असतात. त्यातल्या कोण कुणाच्या शेजारी होत्या, हे इथून पुढे कुठल्याही टेबलात दिसणार नाही.

ओल मोजायला थोडी माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर. डीएनएचा वाटा उणे ८० ला. बाकी माती ४ अंशांवर. बाटल्यांच्या प्रयोगाला जिवंत माती लागते, तिला गोठवायची नाही.

२४ फेब्रुवारी

डीएनए काढला. प्रत्येक नळीत पाव ग्रॅम माती, बारीक मणी, बफर, आणि मग मशीनवर जोरदार हादरे. मण्यांच्या माराने पेशी फुटतात. सगळ्या सारख्या फुटत नाहीत; जाड भिंतीचे ग्राम-पॉझिटिव्ह आणि बीजाणू चिवट. मार वाढवला तर ते फुटतात, पण आधी फुटलेल्यांच्या डीएनएचे तुकडे होतात. कितीही वेळ निवडा, कुणावर तरी अन्याय आहेच. तेव्हा एकच वेळ सगळ्या नमुन्यांना, आणि तो लिहून ठेवायचा.

खताच्या प्लॉटांचा अर्क जवळपास पाण्यासारखा निघाला. बिनखताच्या दोन प्लॉटांचा मात्र शेवटच्या धुण्यानंतरही फिकट तपकिरी, पातळ चहासारखा. ही ह्युमिक आम्लं, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातली. अर्काची शुद्धता दाखवणारं २६०/२३० गुणोत्तर बघायची गरजच नव्हती, नळी उजेडात धरली की कळत होतं. तरी बघितलं; अपेक्षेप्रमाणे पडलेलं.

माती न घातलेली एक नळीही (ब्लँक) सगळ्या पायऱ्यांतून नेली. रसायनांतच जंतूंचा डीएनए असतो हे २०१४ पासून चांगलंच गाजलंय. मातीत इतका डीएनए असतो की त्याचा फारसा त्रास नाही, पण एक पंचाईत आहे. या रसायनांत नेहमी सापडणारा ब्रॅडिरायझोबियम मातीचाही खराखुरा रहिवासी. ब्लँकमध्ये दिसला म्हणून त्याला सगळीकडून उडवता येत नाही.

३ मार्च

क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवत नेऊन मूळ किती होत्या ते मोजायची पद्धत) लावण्याआधी अवरोध तपासला, म्हणजे अर्कातलं काही त्या क्रियेला अडवतंय का ते. युक्ती सोपी आहे. अर्क दहा पट पातळ केला की सिग्नल ३.३ चक्रं उशिरा यायला हवा, कारण दर चक्राला डीएनए दुप्पट होतो आणि १० चा २ च्या पायावरचा लॉग ३.३२. खताच्या नमुन्यांत तसंच आलं. त्या दोन तपकिरी नमुन्यांत मूळ अर्क आणि पातळ अर्क जवळजवळ एकाच चक्राला वर आले. म्हणजे मूळ अर्कातली ह्युमिक आम्लं पॉलिमरेजला (प्रती बनवणाऱ्या विकराला) काम करू देत नव्हती.

हे तपासलं नसतं तर? बिनखताच्या मातीत जनुकं दहा पट कमी दिसली असती आणि त्यावर मी खताच्या परिणामाचं मॉडेलही बसवलं असतं. अवरोध यादृच्छिक नाही, माझ्या उपचाराशीच जोडलेला आहे; सेंद्रिय पदार्थ जास्त तिथे अवरोध जास्त. अशी गडबड नमुने वाढवून जात नाही.

आता सगळे अर्क सारखेच पातळ करून, मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (ह्युमिक आम्लांना धरून ठेवणारं प्रथिन) घालून. परत तपासलं, फरक ३.३ च्या आसपास आला. पुढे चला.

१३ मार्च

अमोएची मोजणी झाली. स्टँडर्ड वक्राचा (प्रती आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या रेषेचा) उतार समाधानकारक, कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांच्या मर्यादेत.

दोन्ही प्रकारच्या मातीत आर्कियांच्या प्रती बॅक्टेरियांपेक्षा जास्त. बिनखताच्या मातीत फरक मोठा, खताच्या मातीत कमी. कारण तिथे बॅक्टेरियांच्या प्रती वाढलेल्या, आर्कियांच्या जवळपास तेवढ्याच.

दादा म्हणाला, "झालं की उत्तर." मी म्हटलं, थांब जरा. पेशीतल्या प्रती सारख्या नाहीत: आर्कियांत सहसा एक, बॅक्टेरियांत दोन किंवा तीन. पेशीचा आकार सारखा नाही, बॅक्टेरियाची पेशी मोठी आणि दर पेशीमागे वेगही साधारणपणे जास्त. यातला किती डीएनए जिवंत पेशींतला? मातीतल्या मेलेल्या पेशींचा डीएनए बराच काळ टिकतो. २०१६ च्या एका अभ्यासात असा अवशिष्ट डीएनए सरासरी सुमारे ४० टक्के निघाला होता. आणि जिवंत पेशीही आज कामावर असेलच असं नाही. हजेरीपटावरून कुणी किती काम केलं ते कळत नाही, आणि या हजेरीपटावर मेलेल्यांचीही हजेरी लागलेली आहे.

२० मार्च

बाटल्यांची तयारी. हा प्रकल्पाचा गाभा, म्हणून सविस्तर.

मातीची पातळ राबडी, रबरी बुचाच्या बाटल्यांत, वर भरपूर हवा. तीन उपचार. पहिल्या बाटलीत काही नाही. दुसरीत ॲसिटिलीन: ते अमोनिया मोनोऑक्सिजनेजला कायमचं जायबंदी करतं, बॅक्टेरियांच्याही आणि आर्कियांच्याही. तिसरीत १-ऑक्टाइन: तोच तिहेरी बंध पण लांब शेपटीचा रेणू. काही मायक्रोमोलर इतक्या कमी प्रमाणात तो बॅक्टेरियांचं विकर बंद करतो आणि आर्कियांच्या विकराला फारसा लागत नाही. ही पद्धत २०१३ मध्ये आली.

नायट्राइट-नायट्रेट किती वाढलं त्याची वजाबाकी सरळ आहे. पहिली वजा दुसरी म्हणजे अमोनियावर जगणाऱ्यांचं एकूण काम. तिसरी वजा दुसरी म्हणजे आर्कियांचं. पहिली वजा तिसरी म्हणजे बॅक्टेरियांचं. ॲसिटिलीननंतरही काही नायट्रेट वाढलंच, तर ते सेंद्रिय नायट्रोजनापासून परपोषी (सेंद्रिय अन्नावर जगणाऱ्या) जंतूंनी केलेलं समजायचं.

खरी डोकेफोड पुढे होती: राबडीत अमोनियम किती घालायचा? रूढ पद्धतीत १ मिलिमोलरपेक्षा जास्त घालतात, म्हणजे अन्नाची ददात नको आणि जास्तीत जास्त वेग मोजला जावा. पण नायट्रोसोप्युमिलसची अमोनियमची आसक्ती भलतीच. अर्ध्या वेगासाठी त्याला सुमारे १३३ नॅनोमोलर पुरतो. मातीतले आर्किया सगळे इतके काटकसरी नाहीत, तरी दिशा तीच. भरपूर अमोनियम घातला की बॅक्टेरियांना हवं ते मैदान मी आपणच आखून देते आणि मग म्हणते, बघा, बॅक्टेरिया जिंकले.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही कर. फरकच तुझा निष्कर्ष होईल." म्हणजे बाटल्या दुप्पट.

बफरचा पीएच मातीच्या पीएचजवळ ठेवला, ७.२ चा ठरलेला नाही. विकराला लागतो तो अमोनिया, अमोनियम नाही, आणि पीएच एकाने उतरला की द्रावणातला अमोनिया साधारण दहा पट कमी होतो. बिनखताच्या प्लॉटांची माती ७.२ ला नेली तर मी ज्या परिस्थितीबद्दल बोलतेय ती शिल्लकच राहत नाही.

२४ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. फार लांबवलं तर पेशी वाढायला लागतात आणि मोजमाप मातीतल्या समुदायाचं राहत नाही, बाटलीत वाढलेल्यांचं होतं. शेकर सतत सुरू, नाहीतर तळाला ऑक्सिजन संपून कुणीतरी नायट्रेट उलट खाऊ लागेल.

२८ मार्च

ग्रीस अभिक्रियेचा दिवस. १८७९ पासूनची पद्धत आणि अजून हिच्या तोडीची स्वस्त पद्धत नाही. आम्लात सल्फॅनिलॅमाइड, नायट्राइट त्याच्याशी जुळून डायाझोनियम क्षार होतो, मग नॅफ्थिलइथिलीनडायअमाइन घातलं की गुलाबी ॲझो रंग. वाचन ५४० नॅनोमीटरला. नायट्रेटला रंग येत नाही, म्हणून आधी व्हॅनेडियम क्लोराइडने त्याचं नायट्राइट करून घेतलं.

प्लेटमध्ये शेवटचं अभिकर्मक सोडलं आणि रंग चढताना बघत बसले. डाव्या बाजूला स्टँडर्डची ओळ, पाण्यापासून गडद गुलाबीपर्यंत पायरीपायरीने. त्याखाली खताच्या प्लॉटांच्या तीन-तीन विहिरी (प्लेटमधले खळगे): पहिली भडक, ॲसिटिलीनची जेमतेम फिकी (सुरुवातीला मातीत होतं तेवढंच), आणि ऑक्टाइनची ॲसिटिलीनच्या जवळपास. वाचन घेण्याआधीच डोळ्यांना दिसत होतं. खाली बिनखताच्या प्लॉटांच्या ओळी. अमोनियम न घातलेल्या बाटल्यांत पहिली आणि ऑक्टाइनची विहीर शेजारी शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येईना.

एका प्लॉटमध्ये ॲसिटिलीननंतरही रंग थोडा चढलेला. परपोषी नायट्रिफिकेशन की बुचातून गळती? त्या प्लॉटची तीच बाटली परत लावायची.

४ एप्रिल

परत लावली. गळती नव्हती, शिल्लक रंग पुन्हा आला. प्लॉटची माती सगळ्यांत आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थही जास्त. परपोषी असण्याची शक्यता, त्यापुढे एका प्लॉटवरून बोलता येत नाही.

एकूण चित्र:

खताच्या मातीत काम बहुतांशी बॅक्टेरियांचं, अमोनियम घाला किंवा नका घालू. जनुकांच्या मोजणीत मात्र तिथेही आर्कियाच पुढे होते.

बिनखताच्या मातीत, वरून अमोनियम न घालता, काम बहुतांशी आर्कियांचं. अमोनियम घातला की एकूण वेग वाढतो, आणि वाढलेला भाग जवळपास पूर्ण ऑक्टाइनने थांबणारा. आर्कियांचा वाटा आकड्याने तेवढाच राहतो, टक्क्याने घटतो.

म्हणजे "या मातीत अमोनियाचं ऑक्सिडीकरण कोण करतं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किती अमोनिया असताना, हे जोडल्याशिवाय प्रश्नच अपुरा. मी हे परस्परक्रियेचं पद (एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून) म्हणून मॉडेलमध्ये घातलं आहे आणि विश्वासाचा पट्टा शून्यापासून चांगलाच दूर आहे. प्लॉट मोजकेच असूनही.

१८ एप्रिल

१६एस च्या (जंतू ओळखायला वापरतात त्या जनुकाच्या) सीक्वेन्सेस आल्या. त्याचा व्ही४ हा भाग. डाडा२ या सॉफ्टवेअरमधून काढल्या, वर्गीकरण सिल्वा या संग्रहावरून. संगणकाचं काम, इथे मी घरच्या मैदानावर. फार लिहिण्यासारखं नाही. ब्लँकमध्ये थोड्याच रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे).

२५ एप्रिल

मॅडमच्या शून्याची गोष्ट आज कळली.

यंत्र एका फेरीत ठरावीकच रीड्स देतं. एखाद्या नमुन्याला किती रीड्स आल्या याचा त्या मातीत किती पेशी होत्या याच्याशी संबंध नाही. म्हणजे टेबलातली प्रत्येक संख्या हा वाटा आहे. तीन गट, प्रत्येकी १०० पेशी: वाटे ३३, ३३, ३३ टक्के. पहिला गट ४०० झाला, बाकीचे जागचे हलले नाहीत. आता वाटे ६७, १७, १७. टेबल बघणारा लिहितो, "खतामुळे दुसरा आणि तिसरा गट निम्म्यावर आला." त्यांना कुणी हातही लावलेला नाही.

गुणोत्तरांत खोटे सहसंबंध निघतात हे कार्ल पिअर्सनने १८९७ मध्ये सांगून ठेवलंय. जॉन एचिसनने १९८० च्या दशकात लॉग-गुणोत्तरांचं आख्खं गणित उभं केलं. तरी वाट्यांवर सरळ सहसंबंध काढून त्यांची जाळी विणणारे लेख निघतच असतात.

आणि लॉग घ्यायचा तर शून्याचं काय? ते शून्य "इथे नाही" असंही असेल, "होता पण मण्यांनी फुटला नाही" असंही, "प्राइमर (जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसला नाही", "ह्युमिक आम्लांनी दाबला", "रीड्स पुरल्या नाहीत" असंही. टेबलात सगळी सारखीच दिसतात. फेब्रुवारीत नळ्या हाताळल्या नसत्या तर यातली निम्मी कारणं मला सुचलीही नसती.

माझा तोडगा: वाट्यांना क्यूपीसीआरच्या एकूण १६एस प्रतींनी गुणून ढोबळ संख्या काढायची, आणि ती ढोबळ आहे हे अक्षावर लिहायचं. १६एस च्याही प्रती पेशीगणिक वेगळ्या, कुणाकडे एक तर कुणाकडे १५ पर्यंत. ई. कोलायकडे ७.

६ मे

नावांचा घोळ. वर्गीकरणात नायट्रोसोमोनाडेसी हे कुळ भरपूर दिसतं, खताच्या आणि बिनखताच्या दोन्ही मातींत. नाव वाचून वाटतं, हेच ते अमोनियावाले. पण मातीत या कुळातल्या बहुतेक रीड्स कधीही न वाढवलेल्या वंशांच्या आहेत आणि ते अमोनिया वापरतात याला पुरावा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अमोएच्या मोजणीशी जुळवून पाहिलं तर कुळाची संख्या बॅक्टेरियांच्या अमोएपेक्षा कितीतरी जास्त निघते; सगळे अमोनियावाले असते तर गणित उलट जायला हवं होतं.

नायट्रोस्पायराचं त्याहून अवघड. साधे नायट्राइटवाले आणि कोमामॉक्स यांच्यात १६एस वरून फरक करता येत नाही. आणि बॅक्टेरियांच्या अमोएसाठीचे जुने प्राइमर कोमामॉक्सचा अमोए पकडत नाहीत. म्हणजे माझ्या मार्चमधल्या मोजणीत ते असूनही नसल्यासारखे.

नावावरून काम सांगणारी सॉफ्टवेअर आहेत. चालवून पाहिलं. खताच्या मातीत "नायट्रिफिकेशन वाढलं" असं उत्तर आलं, ते बाटल्यांशी जुळतंही. पण बिनखताच्या मातीत कोण करतं याचं उत्तर बाटल्यांच्या विरुद्ध. अहवालात दोन्ही देणार, सॉफ्टवेअरचं परिशिष्टात.

१५ मे

समितीची बैठक. मुख्य विषयाच्या सरांनी विचारलं, "नमुना आकार इतका लहान, मग सीक्वेन्सिंग आणखी का नाही केलं?" मी म्हटलं, सर, सीक्वेन्सिंग वाढवून प्लॉट वाढत नाहीत. सर हसले आणि पुढच्या पानावर गेले.

मॅडमनी एकच मुद्दा लावून धरला: ऑक्टाइनने थांबतं ते "बॅक्टेरिया" असं मी लिहिलंय, पण त्यात कोमामॉक्स कुठे बसतो ते सांगितलेलं नाही. बरोबर आहे. मसुद्यात बदल: "बॅक्टेरियांचं" ऐवजी "ऑक्टाइनने थांबणारं", "आर्कियांचं" ऐवजी "ऑक्टाइनने न थांबणारं". मथळ्यातही. वाचायला रुक्ष, पण मोजलंय तेवढंच.

मायनरची अट पूर्ण मानली, कोमामॉक्सची मोजणी जोडण्याच्या बोलीवर.

१९ मे

कोमामॉक्सच्या अमोएचे प्राइमर मागवले, दोन्ही शाखांचे, अ आणि ब. तेच पातळ केलेले अर्क वापरायचे, नव्याने काढायचे नाहीत, म्हणजे मार्चच्या आकड्यांशी तुलना राहील. स्टँडर्डसाठी प्लाझ्मिड (ते जनुक घातलेला डीएनएचा गोल तुकडा) दादाकडे आहे.

बिनखताच्या त्या आम्लधर्मी प्लॉटला अमोनियमच्या आणखी दोन मधल्या पातळ्यांवर बाटल्या लावायच्या. बाकी प्लॉटांत वेग कुठून वाढायला लागतो ते शून्य आणि जास्तीत जास्त या दोनच बिंदूंवरून कळत नाही. जमलं तर तिथेही. माती ४ अंशांवर तीन महिने ठेवलेली आहे, ती या कामाला चालणार नाही, नवी आणावी लागेल. दादाशी बोलले, पाऊस पडून गेला की लगेच नको, दोन-तीन दिवस जाऊ देऊ.